संदर्भ हरवलेली संदर्भ-चिठ्ठी

‘संवाद’ हा शब्द गेल्या काही वर्षांत इतका गुळगुळीत झाला आहे की हाती धरला तरी निसटतो. कोणत्याही क्षेत्रात काही बिघडले की ‘संवादाचा अभाव’ हे निदान तयार असते आणि ‘संवादकौशल्याची कार्यशाळा’ हा उपचारही. आरोग्यसेवा याला अपवाद नाही. रुग्ण दगावला, नातेवाईक संतापले, परिचारिकेने सांगितलेले डॉक्टरांपर्यंत पोहोचले नाही, आशाने पाठवलेली गरोदर बाई दोन दारे फिरून परत आली, की चौकशीच्या कागदावर शेवटी हेच वाक्य उतरते : समन्वयाचा व संवादाचा अभाव. मग एखाद्या सभागृहात पंखे फिरतात, पडद्यावर चित्रे सरकतात, हसतमुखाने बोलावे, शांतपणे ऐकावे, संघभावना ठेवावी असे सांगितले जाते आणि चहापानानंतर सगळे आपापल्या जागी परततात.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हे निदानच चुकले आहे. आरोग्यकेंद्रातली माणसे कमी बोलतात म्हणून अडत नाही. कोणाचे बोलणे ‘माहिती’ म्हणून नोंदवायचे आणि कोणाचे ‘कटकट’ म्हणून सोडून द्यायचे हे तोंड उघडण्याआधीच ठरलेले असते, म्हणून अडते. आणि हे ठरवण्यात भाषेचा वाटा फार मोठा आहे. पदांची नावे, हाक मारण्याच्या रीती, कागदावरची वाक्यरचना या सगळ्यांतून ते ठरत जाते. तेव्हा हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचाही आहे. तो आपला नाही असे समजून आपण आजवर त्याच्याकडे पाठ फिरवली, ही या लेखाची तक्रार आहे.

उदाहरणासाठी शहापूर तालुक्यातला, मुरबाडच्या अंगाचा किन्हवलीचा परिसर घेऊ. भोवताली ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आणि पाडे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणून सरकारी निकषही आदिवासी भागाचे : ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय, तिथे भागले नाही तर ठाणे, कळवा, मुंबई. या साखळीत काम करणाऱ्यांची पदनामे एकदा ओळीने वाचून पाहावीत. वैद्यकीय अधिकारी. औषध निर्माण अधिकारी. समुदाय आरोग्य अधिकारी. आरोग्य सहाय्यिका. आरोग्यसेविका. आरोग्यसेवक. अंगणवाडी सेविका. अंगणवाडी मदतनीस. परिचर. आशा स्वयंसेविका.

व्याकरण जाणणाऱ्या वाचकाला ही यादी पुरेशी बोलकी वाटावी. वरच्या टोकाला ‘अधिकार’ आहे, खालच्या टोकाला ‘सेवा’ आणि ‘मदत’. अधिकाऱ्याच्या नावातच निर्णय आहे, सेविकेच्या नावात आज्ञापालन. ‘अधिकारी’ हा शब्द व्यवहारात पुरुषालाही चालतो आणि स्त्रीलाही. पण खाली उतरू लागलो की शब्द स्त्रीलिंगी होऊ लागतात. गंमत अशी की यातल्या कोणत्याही नावावरून ती व्यक्ती नेमके करते काय, हे कळत नाही. आरोग्यसेविका म्हणजे मूळची ‘एएनएम’, सहायक परिचारिका आणि प्रसाविका. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय ‘स्त्री आरोग्य कर्मचारी’ करण्याची शिफारस केली. उद्देश बहु झाले. प्रसूती करणारी ही तिची स्पष्ट ओळख मात्र नावातून पुसली गेली. आज ती लसी टोचते, गोळ्या वाटते, पाण्याचे नमुने पाहते, रजिस्टरे भरते, ऑनलाइन नोंदी करते. ‘ही काय जाणते?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा एकही शब्द तिच्या पदनामात उरलेला नाही.

आणि पदनामे निदान कागदावर तरी असतात. प्रत्यक्ष हाका आणखी वेगळ्या. डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’, परिचारिका ‘सिस्टर’, सफाई आणि सुश्रूषा करणारी ‘मावशी’, वॉर्डातला परिचर ‘मामा’, आणि पाड्यावरची ‘आशाताई’. नात्याची ही नावे आपल्याला गोड वाटतात. मराठी माणसाला परक्याला नात्यात ओढण्याची सवयच आहे. पण नीट पाहा. नाते फक्त खालच्यांना चिकटते. वैद्यकीय अधिकाऱ्याला कोणी ‘काका’ म्हणत नाही. ज्याच्या ज्ञानाला मान आहे त्याला पदवीने हाक मारायची आणि ज्याच्या ज्ञानाचा हिशेबच ठेवायचा नाही त्याला नाते देऊन मोकळे व्हायचे, अशी ही सोयीची वाटणी आहे. मावशीने सांगितले ते प्रेमाने ऐकावे, केसपेपरवर लिहू नये.

याची किंमत काय, हे पाहण्यासाठी एक प्रसंग कल्पू. तो कोणत्याही एका केंद्राचा नाही. मण्यारीच्या दंशाच्या स्वभावातूनच तो रचता येतो. पावसाळ्याची रात्र. पाड्यावर एक मुलगा जमिनीवर अंथरूण टाकून झोपला आहे. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा अनेकदा जाणवतही नाही, जागा सुजत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे मुलगा म्हणतो, पोटात दुखते. उलटी होते. घसा आवळल्यासारखा वाटतो. काही वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात आणि आई म्हणते, याला झोप येतेय.

आता कोणाला काय माहीत आहे ते पाहू. तो जमिनीवर झोपला होता हे आईला माहीत आहे. त्याच झोपडीच्या कुडात दोन दिवसांपूर्वी साप दिसला होता हे आशाला माहीत आहे. मण्यारदंशाची सुरुवात पोटदुखीने होऊ शकते हे डॉक्टरला माहीत आहे. पापण्या तासाभरापूर्वी अधिक उघड्या होत्या हे खाटेजवळ बसलेल्या परिचारिकेला माहीत आहे. चार माणसांकडे निदानाचे चार तुकडे आहेत आणि ते एकत्र आले तरच निदान होते. आशाला रुग्णाबरोबर आणणारी, केसपेपर काढून देणारी बाई समजले आणि दाराबाहेर थांबवले, तर तिच्याजवळचा तुकडा दाराबाहेरच राहतो. आत नोंद होते : पोटदुखी व उलटी.

पुढचेही ऐका. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर रक्त गोठते की नाही ते पाहायचे असते. पद्धत साधी : कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सुमारे २ मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग एकदा तिरपी करून पाहायची. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर उत्तर चुकते. ही नळी कोण धुतो, कोण ठेवतो, वीस मिनिटांचे घड्याळ कोण पाहतो? परिचर आणि परिचारिका. मण्यारीच्या दंशात तर ही नळी निर्दोष उत्तर देते आणि रुग्ण मात्र श्वास बंद पडून जाऊ शकतो. तिथे लक्ष ठेवायचे असते ते पापण्यांवर, मान उचलता येते का यावर, आणि एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत आकडे मोजतो यावर. मघाशी वीसपर्यंत मोजणारा मुलगा आता बारावर थांबला, हे वाक्य वेळेवर आणि मोठ्याने उच्चारले गेले तरच श्वास देण्याची तयारी होते आणि अंबू बॅग हाती घेतली जाते. हे वाक्य उच्चारायचे आहे सिस्टरने. झोपलेल्या किंवा दुसऱ्या रुग्णात गुंतलेल्या डॉक्टरला ‘आत्ता या’ असे ती निःशंक म्हणू शकते का, की ‘सर रागावतील’ असा विचार आधी येतो? सगळा प्रश्न या एका क्षणात सामावलेला आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले आहेत. त्या सर्वांना संवादाच्या खात्यावर टाकण्याचा आततायीपणा मी करणार नाही. परंतु ‘लस होती, डॉक्टर होते, तरी माणूस गेला’ अशा मृत्यूंची कारणे शोधताना न बोललेल्या वाक्यांचा शोध कोणी घेत नाही, एवढे निश्चित.

आता त्या मुलाला पुढे पाठवायचे आहे असे धरू. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या या सेवेत गाडीबरोबर डॉक्टर असतो. त्याच्या हातात एक कागद दिला जातो. त्याला ‘संदर्भ-चिठ्ठी’ म्हणतात. त्यावर सामान्यतः अशा धाटणीचे वाक्य असते : ‘सदर रुग्णास पुढील उपचारार्थ वरिष्ठ रुग्णालयात संदर्भित करण्यात येत आहे.’

साहित्याच्या विद्यार्थ्यांनो, हे वाक्य घ्या आणि एखाद्या कवितेचे विश्लेषण करता तितक्या बारकाईने त्याचे विश्लेषण करा. यात कर्ता नाही. कोण संदर्भित करते आहे? कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, काय दिले, कशाचा संशय आहे, पुढच्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत काय पाहावे? ‘करण्यात येत आहे’ ही रचना जबाबदारीला धुक्यात सोडते. ‘पुढील उपचारार्थ’ याचा अर्थ ‘आम्हांला काही म्हणायचे नाही’ इतकाच. साहित्यात आपण ‘संदर्भ’ म्हणतो तेव्हा शब्दाला त्याचा भोवताल परत देत असतो. इथे ‘संदर्भ’ नावाचा कागदच रुग्णाला त्याच्या भोवतालापासून तोडतो. जमिनीवर झोपला होता, कुडात साप दिसला होता, वीसवरून बारावर आला, हे तीन तपशील चिठ्ठीत असते तर ती खरी संदर्भ-चिठ्ठी झाली असती.

ही कर्तृहीन मराठी डॉक्टरांनी शोधलेली नाही. ती आपण शिकवतो. विद्यापीठांत ‘व्यावहारिक’ आणि ‘उपयोजित’ मराठीच्या नावाने ज्या अभ्यासपत्रिका चालतात त्यांत अर्ज, अहवाल, इतिवृत्त यांचे नमुने असतात आणि त्या नमुन्यांची भाषा हीच असते : ‘कळविण्यात येते की’, ‘निदर्शनास आले आहे’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’. विद्यार्थ्याला कर्ता लपवण्याचे शिक्षण आपण पदवीच्या वर्गात देतो आणि वर त्याला प्रौढ शैली म्हणतो. कादंबरीतला निवेदक कोण, कोणाच्या दृष्टिकोनातून कथन होते, कोणाचा आवाज दाबला गेला, यावर आपण वर्षानुवर्षे चर्चासत्रे घेतली. ज्या कागदावर माणसाचा जीव अवलंबून आहे त्याचा निवेदक कोण, हे विचारायला मात्र आपल्याला सुचले नाही.

यावर आक्षेप घेतले जातील आणि ते घ्यावेतही. पहिला : ‘शब्दांचे काय घेऊन बसलात? मूळ दुखणे रिक्त पदांचे, नसलेल्या रस्त्यांचे, बंद पडलेल्या गाड्यांचे आहे.’ हे खरे आहे. पावसाळ्यात झोळीतून रुग्ण आणावा लागतो तिथे भाषाशास्त्र सांगणे क्रूर वाटू शकते. केंद्रावरचा तरुण वैद्यकीय अधिकारीही कित्येकदा बंधपत्रावर किंवा कंत्राटावर आलेला, दिवसभर रुग्ण आणि रात्रभर बैठकीची माहिती यांत पिचलेला असतो. त्याला खलनायक करण्यात काही हशील नाही. पण माणसे आणि साधने कमी असतात तिथेच तर आहे त्या प्रत्येकाजवळची माहिती कामी आणणे अधिक निकडीचे ठरते. तीन डॉक्टर असतील तर एकाने आशाचे ऐकले नाही तरी दुसरा ऐकेल. एकच असेल तर तिचे ऐकणे ही चैन उरत नाही.

दुसरा आक्षेप : ‘नाव बदलून काय होते?’ नुसते नाव बदलून काही होत नाही, याची साक्ष इतिहासच देतो. १९७७ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने गावोगाव ‘सामुदायिक आरोग्य कर्मचारी’ नेमण्याची योजना आणली. १९८० साली त्यालाच ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि १९८१ साली ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’. चार वर्षांत तीन नावे. योजना काही तगली नाही. मात्र ही नामांतरे निरर्थक होती असे समजू नये. ‘कर्मचारी’ म्हटले की पगार, सेवाशर्ती, संघटना यांची चाहूल लागते. ‘स्वयंसेवक’ म्हटले की ती मिटते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा’ अवतरली. या इंग्रजी आद्याक्षरांतला शेवटचा शब्द ‘अॅक्टिव्हिस्ट’ आहे, म्हणजे कार्यकर्ती. मराठीत येताना ती ‘आशा स्वयंसेविका’ झाली. हक्कांसाठी लोकांना उभे करणारी कार्यकर्ती एका अनुवादात स्वेच्छेने सेवा करणारी बाई होऊन गेली. इतका अर्थपूर्ण अनुवाद मराठीत क्वचित झाला असेल आणि आपल्या अनुवाद-अभ्यासकांनी त्याची दखलही घेतलेली नाही.

त्या शब्दाचा जुळा भाऊ म्हणजे ‘मानधन’. काम ठरलेले, हजेरी ठरलेली, जाब विचारणारे ठरलेले, पण मोबदला मात्र ‘मान’ म्हणून दिलेले धन. २००६ साली अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविका शासकीय पदावर नाहीत. २०२२ साली त्याच न्यायालयाने मणिबेन भारिया प्रकरणात म्हटले की अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे. सोळा वर्षांत काम तेच राहिले, शब्दाचा अर्थ हलला. त्याच २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक नेतृत्वासाठी गौरव केला आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संप करून मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. जगाने जिला नेता म्हटले तिला आपल्या कागदावर कर्मचारी म्हणायलाही शब्द मिळत नाही. आणि जिला कर्मचारी मानले जात नाही तिचे निरीक्षण ‘कामकाजाची नोंद’ कसे होणार?

नाव दिले आणि भूमिका ठरवली नाही तर काय होते याचे अलीकडचे उदाहरण उपकेंद्रातच आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेपासून उपकेंद्रांत ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेदाच्या पदवीधरांचा भरणा मोठा आहे. सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम करून ते येतात. ज्या उपकेंद्राचा कारभार आरोग्यसेविका वर्षानुवर्षे पाहत होती तिथे एका सकाळी एक अधिकारी आला. त्याचे ज्ञान वेगळे आहे आणि उपयोगाचे आहे. तिचेही वेगळे आहे. कोणत्या घरात रक्तदाब लपवतात, कोणती सून माहेरी गेल्यावरच खरे बोलते, हे तिला ठाऊक. पण दोघांनी काम कसे वाटून घ्यायचे, कोणत्या बाबीत कोणाचा शब्द शेवटचा, यापेक्षा ‘अधिकारी’ हा शब्दच अधिक ठळकपणे बोलतो. मग कुठे शीतयुद्ध होते, कुठे सोयीचे मौन पाळले जाते.

तिसरे उदाहरण कुपोषणाचे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, उपकेंद्र आरोग्य विभागाचे. बालकाचे वजन वयाच्या तुलनेत पाहिले की ते ‘तीव्र कमी वजनाचे’ ठरते. उंचीच्या तुलनेत पाहिले किंवा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला की ‘तीव्र कुपोषित’. दोन मोजमापे, दोन अर्थ. एका यादीत असलेले मूल दुसऱ्या यादीत नसणे शक्य आहे, आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. ग्राम आरोग्य व पोषण दिनी तीन बाया एकाच ओसरीवर बसतात, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका आणि आशा, आणि ‘कुपोषित’ हा शब्द उच्चारताना दर वेळी त्यांच्या मनात एकच मूल असते याची खात्री देता येत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, त्यानंतर १९९५ पासून नवसंजीवनी योजनेच्या छताखाली विभागांच्या समन्वयाचे पाठ गिरवले जात आहेत. समन्वय हा शब्द परिपत्रकात लिहिणे सोपे आहे. आधी शब्दांचे अर्थ जुळवावे लागतात. ते काम कोशकाराच्या जातीचे आहे.

आपल्या परंपरेत याचा विचारच नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय ‘खुड्डाकचतुष्पाद’ नावाचा आहे. चिकित्सेचे चार पाय तिथे सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण. परिचारकाच्या गुणांत पहिला आहे उपचारांचे ज्ञान. सेवाभाव नंतर येतो. आणि रुग्णाच्या गुणांत एक आहे ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपला आजार सांगता येणे. सांगणे हा रुग्णाचा गुण म्हणून नोंदवणारा हा ग्रंथ वैद्याला चौघांत प्रमुखही मानतो. समतेचा जाहीरनामा तो नव्हे. पण प्रमुख असणे आणि एकटे असणे यांतला फरक त्याला कळत होता. चार पायांतला एक आखूड असला तर खाट डुगडुगते, हे सांगायला वैद्य लागत नाही.

मराठी वाङ्मयाने मात्र या खाटेचा एकच पाय पाहिला. आपल्याकडे डॉक्टरांची आत्मचरित्रे आहेत आणि त्यांतली काही मोलाची आहेत. हिंमतराव बावस्करांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ किंवा प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ वाचून कित्येक तरुण खेड्याकडे वळले असतील. पण या साऱ्या वाचनातून आपल्या मनात राहिली ती एकट्या डॉक्टरची प्रतिमा : अंधारात कंदील घेऊन निघालेला नायक. त्याच्या मागून चालणारी परिचारिका, गाडीचा चालक, नळी धुणारा परिचर यांना मराठी कथनात नाव आणि आवाज असलेली उदाहरणे सहज आठवत नाहीत. राणी बंग यांच्या पुस्तकाचे ‘कानोसा’ हे नावच म्हणून मला महत्त्वाचे वाटते. कानोसा घेणे ही ऐकण्याची क्रिया आहे आणि इथे ती करणारी व्यक्ती डॉक्टर आहे.

गडचिरोलीतले त्यांचे आणि अभय बंग यांचे काम या संदर्भात नव्याने वाचावे. मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना लोक त्याला ‘लहाक’ आणि ‘डब्बा’ म्हणतात हे त्यांनी आधी टिपले. आईचा शब्द वैद्यकाच्या शब्दाशी जोडला गेला, तेव्हा कुठे आई वेळेत येऊ लागली. पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांना नाव दिले ‘आरोग्यदूत’. दूताचे कामच संदेश नेणे. त्याचा निरोप ऐकणे हे दरबाराचे कर्तव्य. आणि नुसते नाव दिले नाही, अधिकारही दिला : जंतुसंसर्ग ओळखण्याचा आणि ठरलेल्या निकषांत जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचा. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ साली हीच कल्पना देशभर गेली. आशाला घरभेटी मिळाल्या : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. इंजेक्शनचा अधिकार मात्र तिच्यापर्यंत पोहोचला नाही. दूताची वाट तिच्या वाट्याला आली, दूताची वाणी वाटेतच काढून घेतली गेली.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप शिस्तीचा आहे. ‘तातडीच्या वेळी कोणीतरी एकाने हुकूम द्यावा लागतो, शस्त्रक्रियागृह म्हणजे ग्रामसभा नव्हे.’ मान्य. पण शस्त्रक्रियागृहाचाच दाखला पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची एक पडताळा-यादी काढली. सुरी टेकवण्याआधी एक थांबा असतो आणि त्यात खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगायची असते. यादी वाचून दाखवण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे जाते आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा दंडक आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली तेव्हा गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुख्य शल्यचिकित्सक मुख्यच राहिला. फक्त खोलीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाचे नाव एकदा मोठ्याने उच्चारले गेले आणि त्याला थांबवण्याचा हक्क मिळाला. ज्याने एकदा नाव सांगितले तो दुसऱ्यांदा बोलायला कमी कचरतो, हे कोणत्याही वर्गशिक्षकाला माहीत आहे.

आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातही २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ आले आहेत. भावी डॉक्टरच्या भूमिकांत ‘आरोग्यचमूचा नेता आणि सदस्य’ अशी एक भूमिका लिहिली आहे. ‘नेता’ कसे व्हावे हे शिकवायला पुष्कळ लोक तयार असतात. ‘सदस्य’ कसे व्हावे, म्हणजे वयाने मोठ्या आणि पदाने लहान असलेल्या बाईला ‘तुम्हांला काय वाटते?’ असे कसे विचारावे, हे शिकवणारे कुठे आहेत? या वाक्यातले ‘तुम्हांला’ही लहान नाही. तू, तुम्ही, आपण अशी तीन सर्वनामे असलेल्या भाषेत आज्ञा आणि प्रश्न यांतले अंतर सर्वनामातच पडते.

म्हणून मागणी मोठी नाही. संदर्भ-चिठ्ठीत कर्ता परत आणा : मी अमुक, या पदावर, इतक्या वाजता हे पाहिले, हे केले, मला हा संशय आहे, तुम्ही हे पाहा. त्यात आशाच्या निरीक्षणासाठी एक रकाना ठेवा आणि त्याखाली तिचे नाव लिहा, नुसते ‘आशा’ नव्हे. वरच्या रुग्णालयाने रुग्णाचे पुढे काय झाले ते त्याच चिठ्ठीच्या उलट टपाली कळवावे, कारण ज्या प्रश्नाला कधीच उत्तर येत नाही तो विचारणे माणूस सोडून देतो. आणि मराठीच्या विभागांनी उपयोजित मराठीच्या पत्रिकेत एक प्रश्न घालावा : पुढील संदर्भ-चिठ्ठी कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहा. दहा गुण. या दहा गुणांसाठी विद्यार्थ्याला एकदा उपकेंद्राची पायरी चढावी लागेल, तिथल्या बाईला ती काय करते असे विचारावे लागेल आणि ती जे सांगेल ते तिच्या नावानिशी लिहून आणावे लागेल.